पुढच्या सीटवरचं वजन

तिला सगळे धोंड म्हणायचे. तोंडावर धोंडवहिनी, पाठीमागे नुसतं धोंड. हे नाव दिराने ठेवलं होतं आणि स्वतःच्या विनोदावर तो इतका खूश होता, की नव्या पाहुण्याला तिची ओळख करून देताना दर वेळी आधी तोच हसायचा. "ही आमच्या गळ्यातली धोंड," तो म्हणायचा, "पण अडल्या गाडीला हीच तारते." पाहुणे हसायचे. तीही हसायची. न हसून सांगणार कुणाला, आणि सांगून जाणार कुठे?

हंगाम उघडायचा त्या दिवशी तिचं वजन व्हायचं. आलेले गॅस सिलिंडर पुरते भरलेत की नाहीत हे बघायला धुलाईखोलीच्या दाराशी एक काटा ठेवला होता, लोखंडी, जमिनीलगतचा, कडेने गंजलेला. त्यावर तिला चढवायचे. पाहुणे हातात चहाचे कप घेऊन भोवती जमायचे. दीर वाकून आकडा वाचायचा, मुद्दाम जरा थांबायचा, मग ओरडायचा आणि खडूने तो पत्र्याच्या दारावर लिहायचा. एकोणीस वर्षांचे एकोणीस आकडे त्या दारावर एकाखाली एक होते. सुरुवात शहाण्णवची. शंभर भरले त्या वर्षी टाळ्या पडल्या. शेवटचा आकडा एकशे चार.

एवढ्या वजनाचं कौतुक कशासाठी, ते आता सांगायला हवं.

ते एक नदीकाठचं कुरण होतं. वरच्या अंगाला खडीचा रस्ता, आणि रस्त्यापासून पाण्यापर्यंत हळूहळू उतरत गेलेलं गवत. तिथे घरगाड्या मुक्कामाला यायच्या. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, कपाटं, संडास, सगळं. चार दिवस घरापासून लांब जावं म्हणून माणसं निघतात आणि घरच बरोबर घेऊन येतात, हा शहाणपणा ज्याचा त्याला लखलाभ. पण या गाड्या असतात मागून जड. पाण्याची टाकी मागे, सायकली मागे, अर्धं स्वयंपाकघर मागे. आणि इंजिनाचा जोर जातो पुढच्या चाकांना. कोरड्या रस्त्यावर हे खपून जातं. भिजलेल्या गवतावर चढ चढायचा म्हटला, की मागचा भार पुढच्या चाकांना जमिनीवरून हलकं करतो आणि ती जागच्या जागी फिरायला लागतात. एकदा फिरली की गवत सोलून निघतं, खालची माती साबणासारखी होते, आणि मग कितीही रेटा, गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली जाते.

अशा वेळी चाकातली थोडी हवा सोडतात, पुढे काथ्याच्या चटया घालतात, दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने गाडी उचलतात. आणि पुढच्या चाकांवर भार वाढवतात. भार वाढवायचा म्हणजे ड्रायव्हरशेजारी कुणीतरी वजनदार बसवायचं.

कुरण मुळात तिच्या नवऱ्याचं. थोरल्याने एकट्याने झुडपं तोडून, दगड वेचून ते सरळ केलं होतं. तो गेला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. महिन्याच्या आत धाकटा दीर त्याची बायको घेऊन राहायला आला आणि हिची रवानगी धुलाईखोलीवरच्या खोलीत झाली. त्याच वर्षी एका ओल्या सकाळी एक गाडी अडकली. दिराने इकडेतिकडे बघितलं. ही कपडे वाळत घालत होती. "वहिनी," तो म्हणाला, "तू जरा पुढे बस बघू." ती बसली. गाडी निघाली. त्या दिवसापासून तिला त्या घरात एक जागा मिळाली. धुणं, चादरी, संडास घासणं ही कामं होतीच, पण ती काय कुणीही केली असती. तिला ठेवून घेतलं होतं ते वजनासाठी, आणि हे जाऊ तिला विसरू देत नसे.

"ताई, अजून एक घ्या," जाऊ ताटात वाढताना म्हणायची. "तुमचं खाणं वाया जात नाही. आमचं जातं."

जाऊ तोंडाची गोड होती. दीर पाहुण्यांसमोर तिला तुम्ही म्हणायचा आणि घरात तू. जाऊ मात्र कायम ताई आणि तुम्ही. सुरी धुऊन पुसून मगच वापरणारी बाई.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

धुलाईखोलीत कपड्यांची चार यंत्रं होती आणि तिची खोली बरोबर त्यांच्या डोक्यावर. दिवसभर फरशी थरथरायची. पहिलं वर्षभर तिला झोप लागली नाही. मग तिला त्या थरथरीतलं कळायला लागलं. कोणत्या यंत्रात जास्त कपडे कोंबलेत, कुठल्याचा पट्टा सैल झालाय, हे ती पलंगावर पडल्या पडल्या सांगू शकायची. गाडीच्या सीटवर बसल्यावर तिला तेच कळायचं. चाक माती धरून असलं की सीट खालून जड, एकसारखी ओढते. पकड सुटायच्या आधी बारीक शिरशिरी येते, मुंग्या आल्यासारखी. ती शिरशिरी आली की त्याच क्षणी पाय उचलायचा, गाडीला हातभर मागे येऊ द्यायचं, आणि चटईवर चाक टेकलं की पुन्हा हलकेच द्यायचं. ड्रायव्हरला हे कळेपर्यंत चाक फिरून चुकलेलं असतं. तिला आधी कळायचं.

ती दोनच शब्द बोलायची. "द्या." आणि "सोडा."

पाहुणे परके असत. घाबरलेले असत. शेजारी बसलेली एवढी मोठी बाई इतक्या ठामपणे सांगते म्हटल्यावर ते ऐकायचे. गाडी वर खडीवर यायची, ती उतरायची आणि आपल्या कपड्यांकडे जायची. दीर गाडीपुढे उभा राहून दोन्ही हात हवेत हलवत असायचा, जणू गाडी त्याच्याच दोरीने ओढली जातेय. आभार त्याचे मानले जायचे. तो बाहेर, ती आत, काचा बंद. एकोणीस वर्षांत तिचे ते दोन शब्द त्याच्या कानावर एकदाही पडले नाहीत.

एका माणसाला मात्र त्या शब्दांमागचं कळलं होतं. एक बसवाला होता, बायको वारलेला, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. दर वर्षी हंगामभर तो आपली जुनी गाडी घेऊन यायचा आणि दाराशी खुर्ची टाकून गप्प बसायचा. त्याचीही गाडी एकदा अडकली. वर आल्यावर तो दिराला म्हणाला, "ही बाई बसल्या जागी चाक वाचते हो."

दीर खो खो हसला. "वाचेल नाहीतर काय! बैठकच तेवढी मोठी आहे."

बसवाल्याने मान हलवली आणि तो आपल्या खुर्चीकडे गेला. तिने ते ऐकलं होतं. चादरीच्या घड्या घालता घालता दोनतीनदा तिने ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. चाक वाचते.

मग आजार आला. सत्तावन्नाव्या वर्षी तिला सारखी तहान लागायला लागली, दिवसातून दहादा जिना उतरून संडासाला जावं लागायला लागलं. आणि कपडे सैल झाले. शहरातल्या डॉक्टरने रक्त तपासलं आणि साखर वाढल्याचं सांगितलं. "वजन असं उतरणं बरं नाही," तो म्हणाला, "गोळ्या नेमाने घ्या." बायका वजन उतरलं म्हणून पेढे वाटतात. हिने घरी येता येता दिवस मोजले. साखरेने माणूस मरतो म्हणे, पण तो नंतर. काट्याचा दिवस दीड महिन्यावर होता.

तिने गोळ्या घेतल्या, दुप्पट जेवली, चोरून खाल्लं. वजन काही परतेना. एका दुपारी घरात कुणी नसताना ती काट्यावर चढली. एक्याऐंशी. ती उतरली, पुन्हा चढली. एक्याऐंशीच. तेवीस किलो कुठे गेले? आणि ते गेले म्हणजे ती कुठे जाणार? भाऊ होता, दुकानावरच्या दोन खोल्यांत राहणारा. त्याचं शेवटचं पत्र अकरा वर्षांपूर्वीचं होतं आणि त्यातही 'जागा अपुरी आहे' हे वाक्य दोनदा होतं.

मग तिने ते केलं. जुन्या चादरी फाडून आठ पिशव्या शिवल्या, त्यात नदीकाठची वाळू भरली आणि कमरेभोवती, पोटावर, मांड्यांवर पट्ट्यांनी बांधल्या. वीस किलो. जिना चढताना दम लागायचा, पायऱ्यांवर थांबावं लागायचं, पण थांबणं हे जाड बाईला शोभूनच दिसतं. हंगामाच्या दिवशी ती काट्यावर चढली. दीर वाकला.

"एकशे एक! अरे, तीन उतरले? काय हो वहिनी, उपास करता की काय?"

"मी वाढते त्यांना," जाऊ म्हणाली, "पोटभर वाढते." आणि तिने हिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

तो हंगाम ओला गेला. गाड्या अडकत होत्या, तिला हाक येत होती, ती पट्टे आवळून उतरत होती आणि बसत होती. द्या. सोडा. द्या. चोवीस गाड्या तिने त्या हंगामात वर काढल्या, एकही ट्रॅक्टरने ओढावी लागली नाही. वाळूने तिच्या कमरेला फोड आले होते. ते रात्री चिघळायचे, सकाळी त्यांच्यावरच पुन्हा पट्टा. आणि तरी, खरं सांगायचं तर, ती सुखात होती. कारण एक गोष्ट तिला त्या हंगामात कळली. कधीकधी घाईत ती निम्म्याच पिशव्या बांधून जायची. गाडी तेवढीच निघायची. वजन जाऊनही काही बिघडलं नव्हतं. म्हणजे ते वजन कधी नव्हतंच. ती होती.

हे कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटायचं. तेवढ्यात एका पिशवीची शिवण उसवली.

जाऊने नुकताच ओला फडका मारलेल्या लांब ओटीवर वाळूची एक बारीक रेघ उमटली होती. जिन्यापासून सुरू, ओटीभर, थेट दारापर्यंत. जाऊ त्या रेघेमागून चालत गेली. ती ओरडली नाही. त्या दिवशी तिने काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, बारातेरा पाहुणे चहाला जमले होते तेव्हा, ती गोड आवाजात म्हणाली, "ताई, जरा काट्यावर चढता का? यांचं म्हणणं, तुमचं वजन वाढलंय. माझं म्हणणं, नाही. पैज लागलीय आमची."

ती चढली. शंभर.

"आता वाळू काढा, ताई," जाऊ म्हणाली.

ती हलली नाही. मग जाऊनेच पुढे होऊन, आजारी माणसाचं पांघरूण सारखं करावं तितक्या मायेने, तिच्या झग्याच्या वरून हात फिरवत एकेक गाठ सोडली. पिशव्या काट्याशेजारी धपाधप पडल्या. पाचव्या पिशवीला कुणीतरी हसलं. आठवीला सगळे हसत होते. एक पोर टाळ्या वाजवत आकडे मोजत होतं. बसवाला उठून पाणी भरायला निघून गेला.

"ऐंशी," दीर म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. त्याचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचा होता. "एक पूर्ण हंगाम तू मला फसवलंस."

"पण भाऊजी, गाड्या निघाल्या ना," ती म्हणाली. "सगळ्या निघाल्या. वजनाने नाही निघत. मला कळतं आतून, चाक कधी सुटतंय ते. मी सांगते त्यांना."

तिने हे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं. दिराने ते ऐकून घेतलं. नीट ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "वाळूने निघाल्या. आणि वाळू जेवत नाही."

महिनाअखेर तिने भावाकडे जावं असं ठरलं. ठरलं म्हणजे तिला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवसापासून पुढच्या सीटवर वाळूची गोणी बसू लागली. दीर तिला सीटचा पट्टाही लावायचा आणि पाहुणे फोटो काढायचे. पहिली गाडी कोरड्या दिवशी निघाली. दुसरी रुतली. तिसरीही. मग पलीकडच्या काठावरचा ट्रॅक्टरवाला बोलवावा लागला. तो शिव्या देत यायचा आणि कुरणात दोन खोल चर पाडून जायचा. दीर म्हणायचा, गोणी लहान पडतेय. मग दोन गोण्या झाल्या. ती धुलाईखोलीच्या खिडकीतून बघायची. इंजिनाच्या आवाजावरून तिला कळायचं. सोडा, ती स्वतःशी म्हणायची, अरे सोडा आता. काचेपलीकडे चाक चिखल उडवत राहायचं. तिला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं, आणि बरं वाटतंय याचं पुन्हा वाईट वाटायचं.

त्याच दिवसांत दिराने स्वतःसाठी घरगाडी आणली. नवी कोरी, पांढरीशुभ्र, आत काचेची कपाटं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या बघितल्या, आता आपणही जरा जग बघू, असं त्याच्या मनात होतं, आणि त्यात काही वाईट नव्हतं. पण ती त्याने उभी कुठे करावी? कुरणाच्या अगदी खालच्या टोकाला, पाण्याला लागून. का, तर फोटो चांगला येतो. त्या कुरणात एकोणीस वर्षं काढलेला माणूस, आणि हे त्याला सुचलं.

सहा दिवस संततधार लागली. सातव्या दिवशी सकाळी नदीचं पाणी काठावर आलं आणि दहाच्या सुमारास गवतात शिरायला लागलं. पूल पाण्याखाली गेला होता, म्हणजे ट्रॅक्टर येणार नव्हता. दीर गाडीत बसला, शेजारी दोन गोण्या. चाक फिरलं, चटई मागे फेकली गेली. त्याने आणखी एक गोणी टाकली. पुन्हा तेच. पाहुणे छत्र्या घेऊन जमले होते. पाणी मागच्या चाकांना टेकलं.

"तिलाही बसवा," जाऊ म्हणाली. आता तिच्या आवाजात गोडवा नव्हता. "ऐंशी तर ऐंशी. बसवा तिला."

दीर धावत धुलाईखोलीपर्यंत आला. धापा टाकत म्हणाला, "वहिनी, चल. गाडी वर निघाली तर खोली तुझी. मरेपर्यंत तुझी. हे बघ, सगळ्यांच्या देखत सांगतो." आणि त्याने खरंच मागे वळून पाहुण्यांना ते मोठ्याने सांगितलं. बसवाला तिथेच होता. त्याने ते ऐकलं.

ती हातातली चादर ठेवून निघाली. खोली. तीच थरथरती फरशी, तोच पलंग, मरेपर्यंत. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आज तो आत असणार होता. आज त्याला ऐकू येणार होतं.

गोण्या तिच्या पायाशी सरकवल्या गेल्या. तिसरी तिच्या मांडीवर ठेवण्यात आली. त्या सीटवर त्या दिवशी एकशे सत्तर किलो होते. एवढं वजन तिथे आजवर कधी बसलं नव्हतं. बसवाल्याने स्वतः पुढे होऊन चाकांखाली चटया नीट सारल्या, हवा कमी केली आणि बाजूला झाला.

"द्या," ती म्हणाली.

दिराने पाय दाबला. चाकाने चटई धरली. सीट खालून जड ओढली गेली, गाडी हातभर चढली, दोन हात चढली. बाहेर जाऊने देवाचं नाव घेतलं. आणि तिला ती शिरशिरी जाणवली.

"सोडा, भाऊजी."

त्याने आणखी दाबला. चाक किंचाळलं, गाडी घसरून मागे आली.

"सोडा म्हटलं की सोडायचं," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "मग ती परत धरते. अजून काही गेलं नाही. पुन्हा द्या, हळू."

त्याने पुन्हा दिला. पुन्हा दोन हात, अडीच हात. पुन्हा शिरशिरी.

"सोडा!"

"गप्प बस!" तो तिच्या तोंडावर ओरडला. घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते. "मला शिकवतेस? वजन म्हणून बसवलंय तुला. वजनासारखी बस."

गाडी पुन्हा मागे आली. चटया अजून चाकाखाली होत्या. माती वरवर सोलली होती, खाली अजून घट्ट होती. तिला ते चांगलं कळत होतं. अजून एक वेळ होती. एकच. त्याने तिसऱ्यांदा पाय दाबला आणि गाडी या वेळी सगळ्यांत छान उचलली, सरळ, जड, एकसारखी. तीन हात. साडेतीन. खडी समोर दिसत होती. मग मुंग्या आल्या.

तिने मांडीवरच्या गोणीवर दोन्ही हात ठेवले आणि ती बसून राहिली.

शब्द तोंडात तयार होता. तो म्हटला तर पाय उचलला जाईलच असं नव्हतं, पण तिसऱ्यांदा तो घाबरलेला होता, कदाचित उचललाही असता. हे तिला ठाऊक होतं. खोली त्या शब्दाला बांधलेली होती, हेही ठाऊक होतं. चाक सुटलं. गवत गेलं, चटई गेली, मग वरची माती, मग खालची. तिला खालून सगळं कळत होतं, चाक कुठवर गेलं, कशाला लागलं. गाडी पोटापर्यंत रुतेपर्यंत दीर पाय दाबून होता आणि ती समोर बघत होती. तिला आनंद होत होता. तो चांगला आनंद नव्हता. पण नवरा गेल्यापासून त्या घरात तिला कुणाला न विचारता मिळालेली ती पहिली वस्तू होती.

पाणी पायरीवर आलं तेव्हा दिराने इंजिन बंद केलं.

"वहिनी," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "काय करू? सांगा ना."

पाहुणे ऐकत नसताना त्याने तिला तुम्ही म्हटलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"आता काही नाही," ती म्हणाली. "आता उतरा."

दुपारपर्यंत काचेची कपाटं पाण्यात होती. जाऊ काठावर उभी राहून छाती बडवत होती. "पांढऱ्या पायाची!" ती ओरडत होती. "थोरल्यांना खाल्लंन, आता आमच्या मुळावर उठली! कशाला बसवलीत तिला? कुणी सांगितलं होतं बसवायला?" कुणी सांगितलं होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं, पण आठवण करून द्यायला कुणी पुढे झालं नाही. पाहुण्यांनी धोंडेकडे बघितलं आणि माना हलवल्या. ज्यांच्या गाड्या तिने वर काढल्या होत्या, त्यांतलेही चारजण होते.

महिनाअखेरीला आठ दिवस होते. तिने वाट बघितली नाही. पूल मोकळा झाला त्या सकाळी ती पेटी घेऊन खडीच्या रस्त्यावर आली. बसवाल्याची गाडीही निघायच्या तयारीत होती. त्याने तिला बघितलं, इंजिन चालू ठेवून खाली उतरला आणि न विचारता पेटी उचलली.

"भावाचं गाव माझ्या वाटेवरच आहे," तो म्हणाला. "बसा. बसने कुठे जाता?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दाराशी गेली. तो पेटी आत ठेवता ठेवता थांबला.

"एक विचारू? तुम्ही त्याला सोडा म्हटलं होतं ना?"

"दोनदा म्हटलं."

"आणि तिसऱ्यांदा?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या माणसाने तिला ओळखलं होतं. तिला वाटलं, याला तरी खरं सांगावं; याला ते समजेल.

"तिसऱ्यांदा नाही म्हटलं," ती म्हणाली.

"कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

बसवाल्याचा हात पेटीवरच होता. तीस वर्षं त्याने माणसं वाहिली होती.

"गाडीत चाळीस माणसं असती तर?" त्याने विचारलं.

"तर म्हटलं असतं. देवाशपथ म्हटलं असतं."

"ते आता मला कसं कळणार?" तो म्हणाला. रागाने नाही, त्याला खरोखरच तो प्रश्न पडला होता. त्याने पेटी बाहेर काढली, खडीवर सरळ उभी ठेवली, तिची कड जरा पुसली. मग तो आपल्या जागेवर जाऊन बसला आणि गाडी घेऊन गेला.

बस दुपारी दोनची होती. ती पेटीवर बसली आणि दोन वाजायची वाट बघू लागली.